चार मॉनिटर घेऊ की दुसरा कॉम्प्युटर?

प्रश्न : विश्रामबागला राहतो. भाऊ मार्केट यार्डातली हळदीची अडत बघतो, मी घरून निफ्टीच्या ऑप्शनमध्ये इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करतो आणि हळदीच्या वायद्यावरही नजर ठेवतो. कॉम्प्युटर आय३-१२१००, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, २२ इंची एकच मॉनिटर. चार्ट, ऑप्शन चेन (सगळ्या ऑप्शनच्या भावांचा तक्ता), पोझिशन (हातातले उघडे सौदे), ऑर्डरची खिडकी सगळं एकावर एक येतं. मंगळवारी एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवशी, चेन मध्येच थिजते, रिफ्रेश मारावा लागतो. लाईट गेली की घरात इन्व्हर्टर असूनही कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. एक मित्र म्हणतो चार मॉनिटर लाव. दुसरा म्हणतो एकाच मशीनवर भार नको, दोन कॉम्प्युटर कर. वडिलांचा आय५ चौथ्या पिढीचा डेस्कटॉप १९ इंची मॉनिटरसकट पडून आहे. बजेट चाळीस हजार. ता. क. : चार मॉनिटरऐवजी घरातला ४३ इंची फोर-के टीव्ही चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिघींचे उपाय वेगळे आहेत. खिडक्या एकावर एक येतात, त्याला मॉनिटर लागतो. चेन थिजते, त्याला बहुतेक वेळा रॅम आणि ब्राउझरची एक सेटिंग लागते. लाईट गेल्यावर मशीन रीस्टार्ट होतं, त्याला यूपीएस लागतो. दुसरा कॉम्प्युटर या तिन्हींपैकी एकावरही उतारा नाही. तो ज्या चौथ्या गोष्टीसाठी लागतो ती तुम्ही लिहिलेलीच नाही: पोझिशन उघडी असताना हे मशीन किंवा हे नेट गेलं, तर बाहेर कसं पडायचं? त्याकडे शेवटी येऊ. आधी मॉनिटर.

पैसे काढायच्या आधी वडिलांचा १९ इंची मॉनिटर खाली उतरवा आणि तुमच्या सीपीयूला लावा. एच६१० च्या बऱ्याच बोर्डांना मागे एचडीएमआय आणि व्हीजीए अशी दोन पोर्ट असतात, काहींना डिस्प्लेपोर्टही असतो. २२ इंची एचडीएमआयवर, १९ इंची व्हीजीएवर जोडा. विंडोजची कळ आणि पी एकदम दाबून ‘एक्स्टेन्ड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ राहिलं तर दोन्हीकडे एकच चित्र दिसेल. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १ आणि २ असे चौकोन दिसतात, ते टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत त्याच क्रमाने ओढून लावा. हे राहिलं की माउस उजवीकडे न्यायला गेलात तर कडेलाच अडकतो, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात. व्हीजीएचं चित्र थोडं पुसट येईल. मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण एकदा दाबा, बरंच सुधारतं.

असं दोन आठवडे, म्हणजे दोन एक्स्पायऱ्या काम करा. समोरच्या मॉनिटरवर चार्ट आणि ऑर्डरची खिडकी शेजारी-शेजारी ठेवा. या दोघांची कधीच फारकत करू नका. चार्ट डावीकडे, ऑर्डर उजवीकडच्या दुसऱ्या मॉनिटरवर असं झालं की मान वळेपर्यंत भाव सरकतो, आणि चुकीच्या स्ट्राइकवर (ऑप्शनच्या ठरलेल्या भावावर) किंवा ‘बाय’च्या जागी ‘सेल’वर बोट पडतं ते नेमकं तेव्हाच. बाजूच्या मॉनिटरवर ऑप्शन चेन आणि पोझिशन. हळदीला स्वतंत्र चार्ट दिवसभर उघडा ठेवायची गरज नाही. तो वायदा निफ्टीसारखा सेकंदासेकंदाला पळत नाही. दोन भावांवर अलर्ट लावा आणि खिडकी बंद करा. तसंही यार्डात सौद्याला आज किती पोती उतरली हे भाऊ फोनवर सांगेल ते कुठल्याच स्क्रीनवर आधी येत नाही.

दोन आठवड्यांनी स्वतःलाच विचारा की बाजूच्या मॉनिटरवरच्या कोणत्या खिडकीकडे बघून तुम्ही खरोखर एखादा सौदा केला किंवा टाळला. जिच्याकडे बघितलंच नाही ती काढून टाका. एका इंडेक्सचे ऑप्शन करणाऱ्या माणसाला दोन मॉनिटर भरपूर होतात असं आमचं स्पष्ट मत आहे. तिसरा लागतो तो मंगळवारी निफ्टी आणि गुरुवारी सेन्सेक्स अशा दोन्ही एक्स्पायऱ्या करून वर रात्री एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवर बसणाऱ्याला. चार लागतात ते एकाच वेळी अनेक शेअर किंवा अनेक ग्राहकांची पोझिशन बघणाऱ्याला. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत इक्विटी एफ अँड ओ (शेअर बाजारातले वायदे आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले होते. त्यात मॉनिटरच्या संख्येचा रकाना नव्हता, पण असता तरी निकाल फार बदलला असता असं वाटत नाही.

प्रयोग पटला तर १९ इंची परत वर ठेवून द्या आणि २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर घ्या. हा नवा समोर आणि तुमचा २२ इंची बाजूला. दोन्ही फुल एचडी असतील तर माउस आणि खिडक्या उडी न मारता इकडून तिकडे जातात. २७ इंची फुल एचडी घेऊ नका. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त मोठे होतात. चार्टवर एकही जास्त कॅन्डल मावत नाही आणि आकडे जाडेभरडे दिसतात. २७ घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या, त्यात फुल एचडीच्या पावणेदोन पट जागा असते. पण तेव्हा विंडोज एका मॉनिटरवर १०० टक्के आणि दुसऱ्यावर १२५ टक्के स्केलिंग सुचवतं, आणि काही जुनी डेस्कटॉप टर्मिनलं दुसऱ्या मॉनिटरवर नेली की अक्षरं धुरकट होतात. दोन्हीकडे १०० टक्के ठेवून वाचता येतंय का ते दुकानातच बघा. १४४ किंवा १६५ हर्ट्झसाठी जादा पैसे देऊ नका. भावाचे टिक त्या वेगाने येत नाहीत, ६० किंवा ७५ पुरे. उंची कमी-जास्त होणारा स्टँड मात्र पैसे वसूल करतो. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, अंतर हातभर. २४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे चार फुटी टेबलावर दोन बसतात. तिसऱ्याला साडेपाच फुटी टेबल लागेल. क्लॅम्पवाला आर्म लावणार असाल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं आहेत का बघा, आणि टेबल पार्टिकल बोर्डचं असेल तर क्लॅम्पखाली प्लायवूडचा तुकडा किंवा पत्रा घाला. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत बोर्डची कड दबते आणि मॉनिटर पुढे झुकतो.

तरीही चार मॉनिटरचं मनात असेल तर खर्च मॉनिटरपाशी थांबत नाही हे लक्षात घ्या. आय३-१२१०० मधलं ग्राफिक्स चार डिस्प्ले चालवू शकतं, पण एच६१० चिपसेटची मर्यादा तीनची आहे आणि बोर्डाच्या मागे तेवढी पोर्ट असतीलच असं नाही. आधी मागे वाकून पोर्ट मोजा. दुकानदार एचडीएमआय स्प्लिटर काढून देईल. तो घेऊ नका, स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो, जागा वाढवत नाही. यूएसबीतून एचडीएमआय काढणारे अडॅप्टर चालतात, पण चित्र प्रोसेसरकडून दाबून यूएसबीतून पाठवतात. बातम्यांपुरता तिसरा मॉनिटर ठीक, पळत्या चेनसाठी नाही. सरळ मार्ग म्हणजे तीन-चार मिनी डिस्प्लेपोर्ट असलेलं वर्कस्टेशन ग्राफिक्स कार्ड, एनव्हिडियाच्या टी४०० किंवा टी६०० सारखं. ३० ते ४० वॉटमध्ये चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, बारक्या कॅबिनेटमध्येही बसतं. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढायचा साधा स्वस्त अडॅप्टर चालतो. उलट दिशेने, म्हणजे एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर, तो अडॅप्टर चालत नाही. इथे हमखास पैसे वाया जातात. कार्ड बसवल्यावर बोर्डाची पोर्ट बंद पडली तर घाबरू नका, बायोसमध्ये ‘मल्टी मॉनिटर’ किंवा ‘मल्टी डिस्प्ले’ असा पर्याय असतो, तो चालू करा. आणि उद्या नवा प्रोसेसर घ्याल तर इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ नाही ना हे बघा. एफवाल्यात ग्राफिक्स नसतंच. बोर्डाच्या पोर्टला मॉनिटर जोडून लोक काळी स्क्रीन बघत बसतात.

डिस्प्लेपोर्टची एक खोड आहे. मॉनिटर बटणाने बंद केला किंवा झोपी गेला की विंडोज तो काढून टाकला असं समजतं आणि त्याच्यावरच्या सगळ्या खिडक्या दुसऱ्यावर ढकलतं. विंडोज ११ मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची सेटिंग आहे, ती चालू ठेवा, आणि बाजाराच्या वेळात स्क्रीन बंद होण्याची वेळ ‘नेव्हर’ करा.

आता थिजणारी चेन. मंगळवारी साडेनऊला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. वापर ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे, आणि ८ जीबीत क्रोमचे दहा टॅब अधिक चार्टिंग म्हटल्यावर ती पडणारच. त्याच पानावर स्लॉट किती भरलेत तेही दिसतं: दोनपैकी एक भरलेला असेल तर दुसरी ८ जीबीची पट्टी टाका. एच६१० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि पट्ट्या एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, म्हणून दुकानात जाण्याआधी असलेल्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो घ्या आणि प्रकार व वेग तोच मागा. दोन सारख्या पट्ट्यांचा आणखी एक फायदा: प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि दोन मार्गांनी रॅम मिळाली की दोन मॉनिटर ओढणं त्याला हलकं जातं. बसवताना प्लग काढा, पट्टी दोन्ही टोकांनी ‘टक’ होईपर्यंत दाबा. चालूच झालं नाही तर दहापैकी नऊ वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते.

पण रॅम मोकळी असतानाही चेन थिजत असेल तर गुन्हेगार ब्राउझर आहे. क्रोम ‘मेमरी सेव्हर’ने मागचे टॅब झोपवतं, एज ‘स्लीपिंग टॅब’ने. शिवाय एखादी खिडकी दुसऱ्या खिडकीखाली पूर्ण झाकली गेली तर क्रोम तिला दिसत नाही असं धरून तिचं काम मंदावतं. म्हणजे चेन चार्टखाली दडलेली असताना शिळी होते आणि वर आणली की जुने भाव दाखवते. सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्स विभागात ‘कायम चालू ठेवायच्या साइट’ अशा अर्थाची यादी असते, तिच्यात ब्रोकरची आणि चार्टची साइट घाला. चेनचा टॅब ओढून वेगळी खिडकी करा आणि दुसऱ्या मॉनिटरवर उघडी, न झाकता ठेवा. बघा, दुसऱ्या मॉनिटरचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे आणि तो कुणी सांगत नाही.

तरीही थिजली तर लगेच फोनवर, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर, ब्रोकरचं ॲप उघडा. तिथे भाव पळताहेत म्हणजे दोष तुमच्या घरात आहे. पहिला संशय वाय-फायवर, म्हणून राउटरपासून सीपीयूपर्यंत लॅनची वायर ओढा, ती काही शेकड्यांची गोष्ट आहे. फोनवरही थिजले असतील तर दोष ब्रोकरकडे किंवा एक्स्चेंजकडे, आणि तिथे तुमच्याकडे चार मॉनिटर असोत की चार कॉम्प्युटर, काही उपयोग नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईच ११:४० ला थांबलं होतं, ते दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झालं.

रीस्टार्टचं कारण साधं आहे. वीज गेल्यावर कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर ‘नॉर्मल’ मोडवर असेल तर लाईनवरून बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ घेतो. पंखा-दिव्याला कळतही नाही, कॉम्प्युटर मरतो. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो यूपीएसवर करा, फुकटचा इलाज आहे. या मोडमध्ये विजेचा दाब थोडा घसरला तरी इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, त्यामुळे उन्हाळ्यात दाब पडलेला असताना तो वारंवार टकटक करेल. तेवढं चालवून घ्या.

तरी भरवसा नको. ६०० व्हीए, म्हणजे साधारण ३६० वॉटचा लाईन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये घाला. तुमचं मशीन चार्टच्या कामात ५० ते ६० वॉट घेईल, २२-२४ इंची मॉनिटर प्रत्येकी २० ते २५, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५ च्या आसपास. सगळे मिळून १२० धरा. नवी बॅटरी यावर दहा-पंधरा मिनिटं काढते, आणि इन्व्हर्टरने भार उचलेपर्यंत तुम्हाला तर काही सेकंदच हवेत. मॉनिटर आणि राउटरही यूपीएसवरच हवेत. नुसता सीपीयू जिवंत राहून काय करणार? लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नका, तो तापताना एकदम भार ओढतो आणि यूपीएस सगळ्यांसकट बसतो. एक अडचण आधी तपासा: इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही यूपीएस त्याची वीज ‘वीज’ म्हणून स्वीकारत नाहीत, बॅटरीवरच बसतात आणि पंधरा मिनिटांनी टाटा करतात. म्हणून यूपीएस घेताना बदलून देण्याची बोली करून घ्या, आणि घरी मेन स्विच पाडून वीस मिनिटं चालवून बघा. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. महिन्यातून एकदा साडेतीननंतर प्लग ओढून चाचणी घ्या, बाजार चालू असताना नव्हे.

वायरमन घरी आलाच तर न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. त्याहून बराच जास्त असेल तर अर्थिंग करून घ्या, माउस-कीबोर्डचे विचित्र झटके आणि जळलेली पोर्ट तिथूनच येतात. एप्रिल-मेमधला वळीव बहुधा दुपार कलल्यावर येतो, तोवर निफ्टी बंद झालेला असतो. हळदीचा वायदा मात्र पाचपर्यंत चालतो. ढग गडगडायला लागले की हळदीचं काम फोनवर करा आणि कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढा. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण डब्याच्या अडॅप्टरमधून येते, तोही काढा.

आता दुसऱ्या मित्राचं म्हणणं. रोजच्या कामात दोन कॉम्प्युटर शेजारी-शेजारी ठेवून ट्रेड करणं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. अनेक ब्रोकरांच्या वेब टर्मिनलवर एका आयडीचं लॉगिन एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर टिकतं. दुसरीकडे लॉगिन केलं की पहिलीकडचं आपोआप बाहेर, तेही कधीकधी न सांगता. चार्टिंग सॉफ्टवेअर आणि डेटा फीडचं लायसन्सही बहुधा एका मशीनपुरतं असतं, म्हणजे तो खर्च दुप्पट. अपडेट, अँटीव्हायरस, धूळ, खोलीतली उष्णता सगळं दोनदा. आणि खरा धोका दुहेरी ऑर्डरचा. एका मशीनवरून विकत घेतलेला कॉल विकून तुम्ही मोकळे होता, दुसऱ्या मशीनची स्क्रीन अजून जुनी पोझिशन दाखवतेय, घाईत तिथूनही ‘एक्झिट’ दाबता. झालं, तुमच्याकडे आता नागडा शॉर्ट कॉल आहे, म्हणजे हातात नसलेला कॉल तुम्ही विकलाय, आणि त्याचा स्टॉपलॉस (तोटा ठरल्या भावाला थांबवणारी ऑर्डर) कुठेच नाही. ऑर्डर नेहमी एकाच मशीनवरून, हा नियम दोन कॉम्प्युटर असणाऱ्याने भिंतीवर चिकटवावा.

दोन मशीन रोज लागतात ती वेगळ्या लोकांना: ज्यांचं बॅकटेस्टिंग (जुन्या भावांवर पद्धत तपासणं) किंवा स्कॅन तासन्‌तास सगळे कोर खातं, किंवा ज्यांचा अल्गो (आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्राम) बाजारभर चालतो आणि त्याच मशीनवर दुसरं काही उघडणं परवडत नाही. त्यांनी एकाच कीबोर्ड-माउसवर दोन्ही चालवावीत. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ फुकट मिळतं, चार मशीनपर्यंत चालतं. ते नेटवर्कवर चालतं, म्हणून राउटर बसला तर माउस पलीकडे जात नाही. एक साधा यूएसबी माउस दुसऱ्या मशीनला कायम लावून ठेवावा. तुमच्या कामात हे काही बसत नाही.

तुम्हाला दुसरं मशीन हवं आहे ते स्टेपनी म्हणून. आणि इथे वडिलांचा डेस्कटॉप बाद होतो. तो विजेच्या त्याच बोर्डवर, त्याच यूपीएसवर, त्याच नेटवर चालणार. पहिला ज्या कारणाने पडेल त्याच कारणाने दुसराही पडेल. वर चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनला सुरक्षेचे अपडेट नाहीत त्यावरून डीमॅट उघडू नये. त्यावर लिनक्स मिंट टाकून बातम्या किंवा गाणी लावायला हरकत नाही.

राखीव मशीनची वीज वेगळी, नेट वेगळं हवं. पहिलं असं मशीन तुमच्या खिशात आहेच: फोन. त्याला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं नेट आहे. ब्रोकरचं ॲप लॉगिन करून ठेवा, पोझिशनमधून ‘एक्झिट’ कुठून होतं ते एकदा एका लॉटवर करून बघा, आणि ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा नंबर व तुमचा क्लायंट कोड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा (पासवर्ड नव्हे). फोनचं सिम घरच्या फायबरच्या कंपनीचं असू नये, नाहीतर एकाच वेळी दोन्ही जाऊ शकतात.

फोनवर चेन वाचणं त्रासाचं वाटत असेल तर दुसरं मशीन म्हणून लॅपटॉप घ्या, डेस्कटॉप नको. रिफर्बिश्ड चालेल, पण इंटेल आठव्या पिढीपासून पुढचा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. दुकानात कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. जो अहवाल तयार होतो त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला मिळणारी क्षमता दोन्ही दिसतात. निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदलूनच घ्या, तिच्यासाठीच तर लॅपटॉप घेतोय. मग तो दर सोमवारी संध्याकाळी चालू करून अपडेट होऊ द्या. महिनाभर बंद ठेवलेला विंडोज लॅपटॉप नेमका गरजेच्या वेळी अपडेट लावत बसतो.

राखीव मशीनपेक्षाही स्टॉपलॉस कुठे राहतो ते महत्त्वाचं. ऑर्डर म्हणून टाकलेला स्टॉपलॉस एक्स्चेंजकडे जाऊन बसतो. तुमचं मशीन जळालं तरी तो तिथे आहे. पण ‘अमुक भाव आला की मी विकेन’ असा मनातला, किंवा तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरने पाळायचा स्टॉपलॉस मशीनबरोबर मरतो. एनएसईवर ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर २०२१ पासून बंद आहे, म्हणून स्टॉपलॉस-लिमिट टाकताना ट्रिगर (ऑर्डर जागी होते तो भाव) आणि लिमिट (ज्याच्या पलीकडे सौदा होणार नाही तो भाव) यांत पुरेसं अंतर ठेवा. एक्स्पायरीच्या दुपारी दहा पैशांच्या अंतराची ऑर्डर भाव ओलांडून जातो आणि ती तशीच लटकते. एपीआयवरून, म्हणजे स्वतःच्या प्रोग्राममधून थेट ब्रोकरकडे, ऑर्डर टाकायचा विचार पुढे कधी आलाच तर लक्षात ठेवा, सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे त्याला नोंदवलेला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागतो. मोबाइल हॉटस्पॉटवरून तशा ऑर्डर जाणार नाहीत.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आज फुकटातली कामं: १९ इंची मॉनिटर, इन्व्हर्टरचा खटका, ब्राउझरची यादी. या आठवड्यात यूपीएस, साधारण साडेतीन हजार, आणि लॅनची वायर. टास्क मॅनेजरने कौल दिला तर रॅम. तिचे दर सारखे वरखाली होतात, दोन दुकानांत विचारा. दोन एक्स्पायऱ्यांनंतर मॉनिटर, आठ ते दहा हजार. सांगली-मिरजेतल्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या आणि तिथेच पांढरी व काळी स्क्रीन लावून मेलेले ठिपके बघा. उरलेल्यात लॅपटॉप, अठरा-वीस हजारांच्या आतला. तो फोनवर भागत नाही असं अनुभवाला आलं तरच.

टीव्हीचं उत्तर: बसवून बघा, पण त्याच्या भरवशावर मॉनिटर रद्द करू नका. ४३ इंची फोर-के म्हणजे चार साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर मधल्या चौकटी काढून जोडल्यासारखी जागा, हे खरं आहे. पण तुमच्या बोर्डाचं एचडीएमआय १.४ असेल तर फोर-केला सेकंदाला ३० च चित्रं मिळतील आणि माउस अडखळत चालेल; बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये फोर-केला ६० हर्ट्झ लिहिलं आहे का ते बघा. बरेच टीव्ही रंगांची माहिती अर्धी करून दाखवतात, त्यामुळे काळ्यावरची लाल आकडेमोड, म्हणजे तुमची घसरणारी पोझिशनच, पुसट दिसते. सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचं नाव ‘पीसी’ केलं की काही टीव्हींत हे सुधारतं. टीव्हीची उंची साधारण ५४ सेंटीमीटर आणि स्टँड न हलणारा. हातभर अंतरावर बसलात तर वरच्या कोपऱ्यातला चार्ट वाचायला मान मागे टाकावी लागते, म्हणून टेबल भिंतीपासून पुढे ओढून टीव्ही भिंतीवर खाली लावावा लागेल. आणि घरातला टीव्ही एकच असेल तर साडेतीनआधी तो कुणाचा, हे आधी घरात ठरवून घ्या.